गल्लीतले जुने पिवळे दिवे बदलून घ्यायचेत? आधी खांबाच्या बुडाशी बघा

आमच्या गल्लीत १४ खांब आहेत. जुने सोडियमचे पिवळे दिवे होते तेव्हा त्यातले सहा-सात कसेबसे लागायचे, मग एकदाचे अर्ज-विनंत्या करून सगळीकडे एलईडी लागले, लोकांनी फोटो काढले, ग्रुपवर टाळ्या वाजल्या, आणि पहिल्याच पावसाळ्यात पाच दिवे गेले. नवे कोरे. सगळ्यांनी शिव्या घातल्या त्या फिटिंगला, पण नंतर एका जुन्या वायरमन काकांनी खांबाच्या बुडाशी असलेलं झाकण उघडून दाखवलं तेव्हा कळलं की वर नवा दिवा आणि खाली वीस वर्षांची कुजलेली केबल, जॉइंटला प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली, अर्थिंगची तार तुटून लोंबतेय. दिवा बदलला होता, बाकी काहीच बदललं नव्हतं.

त्यानंतर दुसऱ्या फेरीत आम्ही जरा डोकं लावून काम करून घेतलं. तेच इथे पायरी पायरीने लिहितोय. एक गोष्ट पहिल्यांदाच सांगून ठेवतो, रस्त्यावरच्या खांबाला स्वतः हात लावायचा नाही, झाकणसुद्धा उघडायचं नाही, कितीही यूट्यूब बघितलं असलं तरी. आपलं काम बघणं, लिहिणं आणि मागे लागणं एवढंच आहे, आणि तेवढं नीट केलं तरी पुष्कळ होतं.

खांब कोणाचा आहे?

हे कोणी विचारतच नाही आणि मग तक्रार सहा महिने इकडून तिकडे फिरते. एकाच गल्लीत तीन मालक असू शकतात. सिमेंटचा किंवा लोखंडी खांब ज्याच्यावरून घराघरात वीज जाते तो बहुतेक वेळा वीज कंपनीचा, त्याच्यावर दिवा मात्र पालिकेचा. फक्त दिव्यासाठी उभा केलेला निमुळता जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) खांब पालिकेचा. आणि ले-आउटमधला आतला रस्ता अजून पालिकेकडे हस्तांतरित झालेला नसेल तर खांब, दिवा, बिल सगळं सोसायटीचं. मुंबईत तर अजून वेगळं, शहर भागात बेस्ट बघते, उपनगरात बऱ्याच ठिकाणी अदानी (आधी रिलायन्स, त्याआधी बीएसईएस), भांडुप-मुलुंडकडे महावितरण.

रस्ता पालिकेकडे असेल तर दिवे लावणं हे काही उपकार नाहीत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ च्या कलम ६३ मध्ये सार्वजनिक रस्त्यांवर दिवाबत्ती हे महापालिकेचं बंधनकारक काम म्हणून लिहिलंय, नगरपालिकांना १९६५ च्या कायद्यात तसंच आहे. अर्जात हे एका ओळीत लिहा, उगाच कायद्याचं पान उतरवू नका, जेई (कनिष्ठ अभियंते) लोक वैतागतात.

अजून एक. दिवे पालिकेचे असले तरी देखभाल बऱ्याचदा ठेकेदाराकडे असते. २०१५ पासून केंद्राच्या पथदिवे योजनेत ईईएसएल या सरकारी कंपनीमार्फत देशभर एलईडी लागले, त्यात अनेक पालिकांनी सुरुवातीला पैसे न टाकता वाचलेल्या बिलातून हप्त्याने फेडायची पद्धत घेतली आणि देखभालही काही वर्षं त्याच करारात. म्हणजे वॉर्ड ऑफिसचा वायरमन म्हणतो "ते आमच्याकडे नाही" तेव्हा तो कधीकधी खरंच बोलत असतो. मग विचारायचं, कोणाकडे आहे, किती तारखेपर्यंत आहे, आणि किती तासांत दुरुस्ती करायची अट आहे. तोंडी सांगत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपये, ३० दिवस. त्यात वर्क ऑर्डरची प्रत, फिटिंगची संख्या, गॅरंटीची तारीख आणि उशिरासाठी दंडाचं कलम एवढं मागा. दंडाचं कलम हातात आलं की संभाषणाचा सूर बदलतो, स्वतः अनुभवलंय.

रात्रीची फेरी

दोन-तीन जण मिळून रात्री साडेआठनंतर चाला. वही किंवा मोबाइलमधली शीट, त्यात खांब नंबर, समोरचं घर किंवा दुकान, दिव्याचा प्रकार, चालू/बंद/लुकलुकतो, झाडाआड आहे का. खांबावर नंबर रंगवलेला नसेल तर तुम्हीच तात्पुरते नंबर द्या आणि पहिल्या अर्जात नंबर टाकून देण्याची मागणी करा. "मारुती मंदिराजवळचा दिवा बंद आहे" अशा तक्रारीवर माणूस येतो, त्याला मंदिराजवळ तीन खांब दिसतात, एक चालू असतो, तक्रार निकाली. नंबर असला की अशी पळवाट राहत नाही.

दुसरी फेरी दिवसा मारा. खांबाचं बूड जिथे मातीला टेकतं तिथे गंज बघा, खांब सगळ्यात आधी तिथेच सडतो, वरून रंग चकचकीत असतो. बुडाशी सिमेंटचा गोल कट्टा असतो त्याला मफिंग म्हणतात, तो फुटलाय का, पाणी साचतंय का. जंक्शन बॉक्सचं (खांबाच्या बुडाशी केबलचे जॉइंट असतात त्या पेटीचं) झाकण जागेवर आहे का, वायर बाहेर लोंबतायत का. हे लहान मुलांच्या हाताच्या उंचीवर असतं, म्हणून ज्या खांबाचं झाकण नाही त्याची तक्रार दिव्याच्या तक्रारीत मिसळू नका, वेगळी करा आणि त्याच दिवशी करा, फोटोसकट.

दिवा का बंद आहे हे बाहेरून ओळखता येतं

हा माझा आवडता भाग. हात न लावता नुसतं बघून बरंच कळतं, आणि तक्रारीत नेमकं लिहिलं की वायरमन योग्य सामान घेऊन येतो, नाहीतर तो येऊन बघून जातो आणि सामान आणायला गेला तो गेलाच.

ओळीने दर तिसरा खांब बंद असेल, म्हणजे ३, ६, ९, १२ असे, तर दिवे बिघडलेले नाहीत. मोठ्या लाइनला तीन फेज असतात आणि दिवे आळीपाळीने त्यांच्यावर टाकलेले असतात, एक फेज गेली की दर तिसरा दिवा जातो. बिघाड असतो तो फ्यूज, एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) किंवा केबलमध्ये. अमुक खांबापासून पुढे सगळेच बंद असतील तर त्या खांबाच्या जॉइंटपाशी किंवा त्याच्या आधीच्या केबलमध्ये घोळ. अख्खी गल्ली बंद असेल तर फीडर पिलर, म्हणजे कोपऱ्यावरची ती पत्र्याची पेटी जिला आपण सगळे सरसकट डीपी म्हणतो, तिच्यातला टायमर किंवा कॉन्टॅक्टर (सगळी लाइन चालू-बंद करणारा मोठा स्विच).

जुना सोडियम दिवा लागतो, पूर्ण पिवळा होतो, मग विझतो, पाच-दहा मिनिटांनी परत लागतो, असं रात्रभर चालू असेल तर बल्बचं आयुष्य संपलंय. म्हातारा झालेला बल्ब जास्त व्होल्टेज मागायला लागतो, चोक ते देऊ शकत नाही, बल्ब विझतो, थंड झाला की इग्नायटर परत पेटवतो. बल्ब चांगला असून लागतच नसेल तर बहुधा इग्नायटर गेलाय. घूंऽऽ आवाज येतो तो चोकचा. कपॅसिटर गेला तर दिवा लागलेला असतो पण करंट जास्त खेचतो आणि फ्यूज सारखा उडतो, आणि वायरमन दर वेळी जाड तार टाकून जातो, ज्याचे परिणाम पुढे केबल भोगते.

एलईडीचं वेगळं. सगळा दिवा एकसारखा लुकलुकत असेल तर बहुतेक वेळा ड्रायव्हर, म्हणजे आतला छोटा पॉवर सप्लाय. मधले काही ठिपकेच काळे असतील तर एलईडीची पट्टी गेली. काचेच्या आत पाणी किंवा किडे दिसतायत म्हणजे रबर पॅकिंग नीट बसलं नाही. आणि एकाच रात्री एकाच लाइनवरचे चार-पाच नवे दिवे उडाले तर फिटिंगला दोष देण्याआधी न्यूट्रल (करंटची परतीची तार) तपासायला सांगा. तीन फेजच्या लाइनवर न्यूट्रल तुटला की काही दिव्यांना २३० च्या जागी तीनशेच्या वर व्होल्ट मिळतात आणि ड्रायव्हर जळतात. आमचे पाच दिवे असेच गेले होते. बदलून दिलेल्यातले दोन परत गेले, मग कोणीतरी जॉइंट उघडला.

कोणता दिवा मागायचा

"जास्त वॅटचा द्या" असं मागू नका. साधारण हिशोब असा की ७० वॅट सोडियमच्या जागी ३०-३५ चा एलईडी, १५० च्या जागी ६०-७०, २५० च्या जागी ११०-१२०. जुनी ४० ची ट्यूब असेल तर १८-२०. बचतीचा हिशोब अर्जात टाका, तो वरपर्यंत वाचला जातो. १५० चा सोडियम आणि त्याच्या चोकचे साधारण २० धरून १७० वॅट, समोर ७० चा एलईडी, फरक १०० वॅट, वर्षाला दिवे सुमारे ४००० तास लागतात म्हणजे एका खांबामागे ४०० युनिट. २० खांबांचे ८००० युनिट दर वर्षी.

रंगावर मात्र भांडा. सोडियमचा प्रकाश साधारण २००० केल्विनचा (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या छटेचं माप, आकडा कमी तितका पिवळा, जास्त तितका निळसर), पिवळाजर्द, त्यात लाल गाडी आणि चॉकलेटी गाडी सारखीच दिसते, सीसीटीव्हीत तर काहीच ओळखू येत नाही, त्यामुळे तो गेला याचं फार दुःख नाही. पण त्याच्या जागी ५७०० किंवा ६५०० चा निळसर पांढरा भगभगीत दिवा बेडरूमच्या खिडकीसमोर आला की लोक पडदे शिवायला टाकतात. मरीन ड्राइव्हवर २०१५ मध्ये पिवळे काढून पांढरे लावले तेव्हा क्वीन्स नेकलेस फिका पडला म्हणून केवढी ओरड झाली होती, शेवटी परत पिवळसर छटेचे दिवे आले. वस्तीतल्या गल्लीला ३००० किंवा फार तर ४००० केल्विन मागा. निळसर प्रकाशावर किडेही जास्त येतात, ते आत शिरतात, त्यांच्यामागे पाली, मग कोळी, आणि वर्षभरात काच अर्धी झाकलेली.

आता एक गोष्ट जी आम्हाला उशिरा कळली. सोडियमचा जुना दिवा प्रकाश चारी बाजूंना उधळायचा, झाडावर, भिंतीवर, आकाशात, सगळीकडे. एलईडी मोजून खाली टाकतो. त्यामुळे त्याच खांबावर नुसता दिवा बदलला तर खांबाखाली लख्ख आणि दोन खांबांच्या मधे अंधाराचा पट्टा, आणि आधीपेक्षा तो जास्त जाणवतो कारण डोळे दिपलेले असतात. ढोबळ नियम असा की दोन खांबांतलं अंतर दिव्याच्या उंचीच्या तीन-चार पट, म्हणजे ६ मीटरवर दिवा असेल तर साधारण १८ ते २४ मीटर. तुमच्याकडे ३५ मीटर असेल तर वॅट वाढवून उपयोग नाही, एकतर प्रकाश रस्त्याच्या लांबीत पसरवणारी लेन्स हवी किंवा मधे एक खांब हवा. मधला खांब मागायला संकोच करू नका, अंदाजपत्रकात तो आत्ताच बसतो, नंतर कोणी देत नाही.

भारतीय मानक आयएस १९४४ मध्ये वस्तीतल्या कमी वर्दळीच्या रस्त्यांना सरासरी ४ ते ८ लक्स (रस्त्यावर पडणाऱ्या उजेडाचं माप) सांगितलेत आणि सगळ्यात अंधाऱ्या जागीही सरासरीच्या जवळपास तिसरा हिस्सा प्रकाश हवा असं आहे. मोबाइलमधलं लक्स मोजायचं अ‍ॅप अचूक नसतं, पण आधी-नंतर तुलनेला आणि दोन खांबांमधला फरक दाखवायला चालतं.

बाकी अर्जात चार शब्द टाका: फिटिंगवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी नंबर, आयपी ६६ (धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा), १० केव्हीचं सर्ज प्रोटेक्शन (व्होल्टेज अचानक उसळलं तर दिवा वाचवणारा भाग), पॉवर फॅक्टर (घेतलेल्या करंटचा किती भाग कामी येतो ते) ०.९५ च्या वर. सर्ज प्रोटेक्शन विसरू नका, वळवाच्या पावसात वीज कडाडली की ज्यांच्याकडे ते नाही ते दिवे जातात.

अर्ज आणि पैसे

अर्ज क्षेत्रीय कार्यालयाच्या विद्युत विभागाला, कनिष्ठ अभियंत्याच्या नावाने नाही तर पदाच्या नावाने, कारण माणसं बदलतात. सोबत ती शीट, दहा-बारा फोटो, गल्लीतल्या शक्य तितक्या सह्या. आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. अ‍ॅपवरच्या तक्रारी एकेका बंद दिव्यासाठी ठीक आहेत, अख्खी लाइन बदलायला कागदच लागतो.

पालिकेचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. पण पुढच्या वर्षाची कामं पावसाळा संपता संपता सुचवायला लागतात, फेब्रुवारीत धावपळ केली तर "तरतूद नाही" हे उत्तर ठरलेलं. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांनी अंदाजपत्रकात कामं सुचवायची पद्धत आहे, तिथे राहत असाल तर तो फॉर्म भरा, दिव्यांची कामं त्यात बसतात. इतरत्र नगरसेवकाचा प्रभाग निधी, आमदार निधी. निधीतून काम होणार असेल तर एक धोका असतो, दिवे दिसतात म्हणून दिव्यांना पैसे मिळतात आणि केबल दिसत नाही म्हणून केबलला मिळत नाहीत. म्हणून अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा: "केबल, जंक्शन बॉक्स, अर्थिंग व फीडर पिलरसह". आम्ही दुसऱ्या वेळी हे अधोरेखित करून लिहिलं होतं, साहेबांनी विचारलं तुम्ही इलेक्ट्रिकल इंजिनियर का, म्हटलं नाही, शिकलो तुमच्यामुळेच.

काम चालू असताना तिथे उभं राहा

शिडीची गाडी आली की एकाने तरी खाली थांबायचं. त्रास द्यायचा नाही, चहा द्यायचा आणि बघायचं.

काय बघायचं? बुडाच्या जंक्शन बॉक्समध्ये प्रत्येक खांबाला स्वतंत्र छोटा एमसीबी किंवा फ्यूज आला का, म्हणजे एक दिवा बिघडला तर सगळी लाइन पडत नाही. खांबाच्या आतून वर जाणारी वायर नवी आणि अखंड आहे ना, मधे पिळून टेप मारलेला जॉइंट नको. केबल बॉक्समध्ये शिरते तिथे ग्लँड (केबलभोवतीचं आवळायचं बूच) घट्ट आहे ना, तिथूनच पाणी आणि मुंग्या जातात (मुंग्यांना हसू नका, त्यांनी आमचा एक कॉन्टॅक्टर बंद पाडलाय). प्रत्येक खांबाला अर्थिंगची जाड जीआय तार बोल्टने आवळलेली हवी, नुसती गुंडाळलेली नको, आणि मोजमाप केलं असेल तर त्याचा आकडा लिहून घ्या. आर्म (दिवा धरणारा आडवा पाइप) हलतोय का, दिव्याचा कोन फार वर उचललेला नाही ना, जुन्या सोडियमच्या ब्रॅकेटला बराच कोन असतो आणि त्यावर एलईडी तसाच खोचला की प्रकाश समोरच्या दुसऱ्या मजल्यावर.

उतरवलेले जुने बल्ब फोडू देऊ नका. सोडियमच्या बल्बमध्ये थोडा पाराही असतो, तो ई-कचऱ्यात जायला हवा, आणि फोडायला सगळ्यात उत्साही आपलीच पोरं असतात. जुन्या फिटिंग आणि चोक मोजून किती नेले ते पोच कागदावर लिहून घ्या, चोकमध्ये तांबं असतं, बाकी समजून घ्या.

रात्री दिवे लागल्यावर परत एक फेरी मारा आणि मगच काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करा.

नंतरची निगा

एलईडी लावला की विसरा, असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. एलईडी टिकतो, ड्रायव्हर आणि जॉइंट टिकत नाहीत.

मे महिन्यात, म्हणजे पावसाच्या आधी, अर्थिंग तपासणी, झाकणं आणि फांद्या यासाठी पत्र द्या. फांद्या आपण तोडायच्या नाहीत, शहरी भागात १९७५ चा वृक्ष कायदा आहे, उद्यान विभागाची परवानगी लागते, आणि तीही विद्युत विभागाने मागितली तर लवकर मिळते. पण दर वर्षी झाड छाटण्यापेक्षा लांब आर्म लावून दिवा फांद्यांच्या खाली आणि रस्त्याकडे आणणं बरं, आम्ही दोन खांबांवर तसं करून घेतलं, झाड वाचलं आणि उजेडही आला.

पावसात खांबाला टेकू नका, जनावर बांधू नका, मुलांना सांगून ठेवा. खांबाला हात लागून मुंग्या आल्यासारखं वाटलं असं कोणी म्हणालं तर "होतं असं" म्हणून सोडू नका, तिथे माणूस उभा करा, इतरांना लांब ठेवा आणि वीज कंपनी आणि पालिका दोघांनाही लगेच फोन.

गणपती-नवरात्रात मंडपाचं कनेक्शन खांबातून घेतात, त्यासाठी झाकण उघडतात, आणि विसर्जनानंतर ते झाकण कुठे जातं ते बाप्पालाच माहीत. आम्ही आता मंडळालाच सांगितलंय, तात्पुरतं मीटर घ्या, वर्गणीत पाचशे जास्त देतो. फ्लेक्सवाल्यांना मात्र अजून आवरता आलेलं नाही.

टायमरचंही बघा. आपल्याकडे जूनमध्ये सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो आणि डिसेंबरमध्ये सहाच्या आसपास, म्हणजे साधा टायमर जूनमध्ये लावून सोडला तर डिसेंबरात तासभर अंधार, आणि नेमकी ती क्लासवरून मुलं घरी यायची वेळ. तारखेप्रमाणे वेळ आपोआप बदलणारा अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल टायमर मागा. तो असूनही दिवसा दिवे चालू दिसले तर कोणीतरी टायमर वगळून लाइन डायरेक्ट केलेली असते किंवा कॉन्टॅक्टर चिकटलेला असतो, फोटोत वेळ दिसेल असा फोटो काढून टाका, दिवसा जळणाऱ्या दिव्याच्या तक्रारीला रात्री बंद असलेल्या दिव्यापेक्षा लवकर माणूस येतो, का ते मला विचारू नका.

सोसायटीचे आतले दिवे असतील तर वरचं सगळं लागू, फक्त पालिकेच्या जागी तुम्ही. लायसन्सवाला इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरच घ्या, वर्षातून दोनदा जॉइंट आवळणं आणि काच पुसणं एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) लिहून घ्या, त्याच कंपनीचे दोन ड्रायव्हर आणि एक पूर्ण फिटिंग ऑफिसच्या कपाटात ठेवा, कारण तीन वर्षांनी ते मॉडेल बाजारात मिळत नाही आणि मग चौदा खांबांवर चौदा रंगांचे दिवे दिसतात. आणि ती शीट चालू ठेवा, कोणता दिवा कधी गेला, काय बदललं. आमच्या शीटमध्ये ९ नंबरच्या खांबावर दोन वर्षांत चार ड्रायव्हर बदलल्याच्या नोंदी निघाल्या, ते दाखवल्यावर तिथलं खोदलं, तर खाली केबलला कुदळीचा घाव, नळाचं काम करताना लागलेला, वरून माती टाकून बुजवलेला.